पोटातला निरोप

हेमलताबाई माळवदे यांच्या छातीत, डाव्या हासळीखाली, बटण बसवलं ते डॉक्टरांनी. पण चालू केलं ते त्यांच्या मुलीनं. साताऱ्याच्या एका कर्करोग रुग्णालयात केतकीची नोकरीच ती होती. जखम भरली की पेशंटला समोर बसवायचं, हातातल्या छोट्या यंत्रावरून बटण जागं करायचं, त्याला किती जोर मानवतो ते बघत बघत ठरवायचं आणि घरच्यांच्या शंका फेडायच्या. कितीतरी लोकांची बटणं तिनं अशी चालू केली होती. आईच्या वेळी मात्र तिचा अंगठा जरासा अडला.

"कर की," हेमलताबाई म्हणाल्या. "मी काय पळून चाललेय?"

हेमलताबाई फलटणच्या. नवरा अकाली गेल्यावर त्यांनी शिलाई मशीनवर मुलीला वाढवलं, शिकवलं. अख्ख्या गावात ब्लाऊज शिवावा तर त्यांनीच, असं बायका म्हणायच्या. स्वभाव मोठा हळवा. कुणाच्या घरी काही वाईट घडलं की आधी त्यांच्या पोटात कालवायचं, मग डोळ्यांना पाणी यायचं. केतकी आठवीत असताना सायकलवरून पडून तिचा हात मोडला, तेव्हा शाळेचा शिपाई दारात येण्याआधीच त्या मशीन सोडून उठल्या होत्या. "पोटात कसंतरी होतंय, पोरीला काहीतरी झालंय," असं शेजारणीला सांगत होत्या. ही गोष्ट पुढं त्यांनी इतक्यांदा सांगितली की केतकीला ती पाठ झाली होती.

अंडाशयाचा कर्करोग पोटभर पसरलाय असं कळलं, तेव्हा त्या औषध घ्यायलाच तयार नव्हत्या. मरणाला त्या भीत नव्हत्या, बादलीला भीत होत्या. त्यांच्या सासूबाईंना जुन्या काळात किमोथेरपी दिली होती. खाटेखाली कायम बादली असायची आणि ती उपसायचं काम नव्या सुनेकडं, म्हणजे हेमलताबाईंकडं. "कॅन्सरनं नाही गेली ती, ओकून ओकून गेली," असं त्या म्हणायच्या.

"आई, ती बादली आता राहिली नाही," केतकीनं त्यांना समजावलं होतं. "कुणी ओकत नाही आता. तू माझ्या वॉर्डात येऊन बघ तरी."

त्या आल्या. बघतात तर सलाइन लावलेली माणसं पोहे खात होती, पत्ते खेळत होती. मग तयार झाल्या.

केतकी प्रत्येकाला सांगायची तसंच तिनं आईलाही सगळं सांगितलं. किमोचं औषध हे मुळात विषच. ते पोटात पोचलं की आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी घाबरतात आणि सिरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. आतड्यापासून मेंदूच्या बुडापर्यंत व्हेगस नावाची एक लांबलचक नस जाते. तिच्यातले बहुतेक धागे खालून वर निरोप नेणारे. ते रसायन या नसेला डिवचतं आणि नस वर निरोप पोचवते, 'विष आलंय, बाहेर टाका.' मेंदू हुकूम सोडतो आणि माणूस ओकतो. जुनी औषधं उलटी बरीचशी थांबवायची, पण आतली मळमळ हटायची नाही. माणूस ओकायचा नाही, नुसता तळमळायचा. बटणातून निघालेली तार मानेत या नसेभोवती गुंडाळलेली असते. खालून येणारा निरोप ती वाटेतच ओळखते, आणि नेमका त्याच्या उलट ठोका देऊन तो पुसून टाकते. विष येतं, पण त्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचतच नाही.

"म्हणजे पोस्टमन दारातच अडवायचा," हेमलताबाई म्हणाल्या.

"तसंच. फक्त चुंबक जवळ आणायचं नाही. चुंबक टेकलं की बटण थांबतं. काही गडबड झाली तर डॉक्टरांना चटकन बंद करता यावं म्हणून तशी सोय ठेवलीय. तुझ्या टाचण्या गोळा करायच्या चुंबकापासून लांब राहा."

बटण आल्यापासून औषधंही बदलली होती. माणसाला सोसवत नाही म्हणून जे डोस पूर्वी कुणी दिले नसते, ते आता सर्रास दिले जात. मध्ये विश्रांतीचे आठवडे असायचे तेही गेले. आठवड्याला एक सलाइन, मधल्या दिवसांत रोज गोळ्या, असं अखंड चालायचं. त्यामुळं पूर्वी चार-सहा महिन्यांत हातची गेली असती अशी माणसं वर्ष, दोन वर्षं हिंडतफिरत राहायची. केतकीला आपल्या कामाचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

आईला तिनं साताऱ्याला आपल्या घरीच आणलं. केतकीचा नवरा निनाद पाटबंधारे खात्यात होता, स्वभावानं शांत. सासूबाईंसाठी त्यानं बाल्कनीलगतची खोली रिकामी केली, फलटणहून मशीनही आणून दिलं. औषध लागू पडलं. पोटातल्या गाठी आक्रसल्या. केस गेले, पण हेमलताबाईंनी डोक्याला रुमाल बांधला आणि पुन्हा शिवायला बसल्या. भूक मात्र लागेनाशी झाली. भुकेचा निरोपही त्याच नसेनं जातो, तेव्हा हे व्हायचंच, असं केतकीनं सांगितलं. मग त्या घड्याळ बघून जेवायला लागल्या.

आणखी काहीतरी बदललं होतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एकतर घरात आनंद होता. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर केतकीला दिवस गेले होते.

पाचव्या महिन्यात बाळाचे ठोके थांबले.

सगळं उरकल्यावर केतकी दवाखान्याच्या खोलीत पडून होती. आई येईल, जवळ घेईल, मग मला रडता येईल, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. हेमलताबाई आल्या. हातात थर्मास होता. त्यांनी चहा ओतला, पायाशी चुरगळलेली चादर नीट घडी करून ठेवली.

"होतं असं कधीकधी," त्या म्हणाल्या. "तब्येतीला जप आता. चहा घे, गार होईल."

केतकीनं आईच्या तोंडाकडं बघितलं. तिथं काहीच नव्हतं. शेजारच्या इमारतीतल्या बाईला भेटायला यावं आणि चार बरे शब्द बोलून उठावं, तसा तो चेहरा. हेमलताबाईंनी निनादला गाडी कुठं लावलीय ते विचारलं आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. केतकी भिंतीकडं तोंड करून वळली ती आई जाईपर्यंत तशीच पडून राहिली.

"आई परकी झालीय," घरी आल्यावर ती निनादला म्हणाली.

"आजारी आहेत गं त्या. माणूस आजारपणात स्वतःपुरतं होतं."

"माझी आई नाही होणार तशी."

पण झाली होती, आणि ते केतकीला गिळता येईना. ती कामावर जायला लागली. आईची औषधं, तपासण्या, पथ्यपाणी कशात कसूर नव्हती, पण बोलणं तेवढ्यापुरतंच उरलं. हेमलताबाईही गप्प असत. कधी कधी त्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून केतकीकडं बघत राहायच्या, विसरलेलं नाव आठवावं तशा. केतकी ओट्याकडं वळायची.

मग श्रावण लागता लागता हेमलताबाईंना उलट्या सुरू झाल्या.

पहिल्यांदा केतकीला वाटलं, खाण्यातलं काही बाधलं असेल. पण ते थांबेना. सलाइनच्या दुसऱ्या दिवशी त्या न्हाणीघरात भिंत धरून ओकत असायच्या, मग दिवसभर तोंडाला पदर लावून पडून राहायच्या. केतकीनं बटणाचा जोर वाढवला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ती हादरली. बटण असताना इतकं ओकणारं माणूस तिनं पाहिलं नव्हतं. विभागप्रमुख डॉक्टर मुजावरांनाही उलगडा होईना.

"तार सरकली असेल," ते म्हणाले. "दर वेळी तपासलं की बटण व्यवस्थित, आणि घरी गेलं की उलट्या. मला नाही आवडत हे. पुढच्या आठवड्यात मान उघडून नवीन बसवू."

शस्त्रक्रियेचं ऐकून हेमलताबाई काही बोलल्या नाहीत. पण त्या रविवारी सकाळी पुन्हा ओकल्या आणि अंगावरचं सगळं खराब झालं. केतकी त्यांना न्हाणीघरातून धरून आणत होती. त्या इतक्या हलक्या झाल्या होत्या की तिला दचकायला झालं. तिनं त्यांना पलंगावर बसवलं, ओलं पातळ सोडलं. पदराची बक्कलपिन काढून हातात धरली होती, ती एकदम बोटांतून सुटली आणि आईच्या ब्लाऊजला, डाव्या हासळीखाली, टक्कन जाऊन चिकटली.

केतकीनं पिन ओढली. ती निघाली, सोडल्यावर पुन्हा चिकटली. तिनं ब्लाऊजचा गळा उलटून बघितला. अस्तराला आतून एक चोरकप्पा शिवला होता, बारीक, सुबक टाक्यांचा, आणि त्यात चपटं गोल चुंबक होतं.

"हे काय आहे, आई?"

हेमलताबाईंनी ब्लाऊजचा गळा मुठीत धरला.

"किती दिवस झाले?"

"महिना झाला असेल. दवाखान्यात यायच्या दिवशी घालत नव्हते हा ब्लाऊज."

केतकीचा तोल गेला. "वेड लागलंय का तुला? कसला डोस चाललाय माहितीय? मूत्रपिंडं बंद पडली असती म्हणजे? मी तिकडं जीव टाकतेय, बटणाचा जोर वाढवतेय, मुजावरसर तुझी मान चिरायला निघालेत, आणि तू..."

"ओरड," हेमलताबाई म्हणाल्या. "ओरड तू. तू ओरडलीस की लागतंय मला. इतके महिने तेसुद्धा लागत नव्हतं."

केतकी थबकली.

"बस खाली. तू अशी उभी असलीस की मला बोलवत नाही."

ती समोर बसली. हेमलताबाईंनी चादर अंगाभोवती ओढून घेतली.

"तू दवाखान्यात पडली होतीस बघ. मी आले, चहा दिला. माझ्या लेकीचं पोर गेलंय हे मला कळत होतं. डोक्याला कळत होतं. आता हिला जवळ घ्यायला पाहिजे, हेही कळत होतं. पण पोटात..." त्यांनी पोटावर हात ठेवला. "काही हललंच नाही गं. तू भिंतीकडं तोंड केलंस. तुझ्या पाठीकडं बघत मी उभी राहिले, आणि पोटात काही हललं नाही."

केतकीनं त्यांच्या खांद्यावरून घसरलेली चादर वर ओढली.

"घरी येऊन म्हटलं, आता रडावं. रडू येईना. तुझे लहानपणीचे फोटो काढून बघितले. वाटलं, छान आहे मुलगी. एवढंच. लोकांच्या घरचा अल्बम बघतो ना आपण, तसं. मग मला भीती वाटायला पाहिजे होती, तर भीतीपण वाटेना. मी ठरवलं आपलं, की ही भ्यायची गोष्ट आहे, आपण काहीतरी करायला पाहिजे."

"मग चुंबक."

"टाचण्यांचं. डब्यातच होतं. एक दिवस तुम्ही दोघं कामावर गेल्यावर इथं असं धरून बसले. थोडा वेळ काही नाही. मग आलं. सगळं एकदम आलं, केतके. तुझी पाठ दिसली मला. आतडं पिळवटतं म्हणतात ना, ते नुसतं म्हणायचं नसतं गं. खरंच पिळवटतं. रडले, ओकले. त्यातलं आधी काय झालं ते आठवत नाही." त्यांनी डोळे पुसले. "त्या दिवसापासून हे सोडवेना."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

केतकी उठली. तिनं दुसरा ब्लाऊज आणून आईला घातला आणि चुंबक निनादच्या कपाटात नेऊन ठेवलं. त्या दिवशी तिनं स्वयंपाकही केला नाही. राहून राहून तिला कोरेगावचे एक निवृत्त ड्रिल मास्तर आठवत होते. तपासणीला आले की म्हणायचे, "सगळं झकास आहे ताई. फक्त नातवाला उचलून घेतलं तरी आत काही होत नाही." ती हसून म्हणायची, "मास्तर, आता नातू जड झाला असेल." मळमळ आहे का, उलटी आहे का, जेवण जातं का, एवढं विचारून ती पुढच्या पेशंटला बोलवायची.

सोमवारी ती मुजावरांच्या खोलीत गेली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"असं होतं," ते हळूच म्हणाले. "सगळ्यांना नाही. काहींना. पोटातून वर जाणारे निरोप फक्त विषाचे नसतात. भीती, दुःख, माया, आपल्याला जे काही आत होतं त्यातलं पुष्कळसं त्याच नसेनं वर जातं. ते आलं की मग मेंदूला कळतं, आपल्याला काय वाटतंय. बटणाला त्यातलं विषाचं कुठलं आणि मायेचं कुठलं हे अजून नीट निवडता येत नाही. आपल्याला हा अंदाज होता, केतकी. पण पेशंट बरा दिसतो, जेवतो, हिंडतो. मग कोण विचारतं?"

"जोर अर्ध्यावर आणला तर?"

"मळमळ परत येईल, आणि हे गेलेलं मात्र परत येईलच असं नाही. दोन्हीकडून मार."

"बटण बंद केलं तर?"

"औषधही बंद करावं लागेल. बटणाशिवाय हा डोस त्यांना पेलणार नाही, तू बघतेयस. आणि जुन्या हलक्या डोसाला त्यांचा आजार आता जुमानणार नाही." ते थांबले. "चालू ठेवलं तर वर्ष मिळेल. थोडं जास्तही मिळेल. बंद केलं तर दिवाळी बघतील असं मला सांगवत नाही."

त्या संध्याकाळी केतकीनं आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. आणि मग, आपण कुठल्या तोंडानं बोलतोय हे माहीत असूनही, म्हणाली, "आई, वर्ष मिळतंय. वर्ष म्हणजे थोडं नाही."

"कुणाला मिळतंय?"

"तुला. मला."

"त्या वर्षात जी बाई तुझ्या घरात राहील, ती तुला चालणार आहे का? तिच्यावरच रुसून बसली होतीस ना तू?"

"मला तेव्हा माहीत नव्हतं! आता माहितीय. तू काही नाही बोललीस तरी मी समजून घेईन. तू नुसती समोर बस."

"तू समजून घेशील गं. माझं काय?" हेमलताबाईंनी तिचं मनगट धरलं. "मला जायचंय ते माझ्या लेकीला सोडून जायचंय. कुणा ओळखीच्या बाईला नाही."

केतकी उठून बाल्कनीत गेली. खूप वेळानं आत आली तेव्हा तिच्या हातात ते छोटं यंत्र होतं. ती आईशेजारी पलंगावर बसली. इतक्या लोकांची बटणं तिनं चालू केली होती, कायमचं बंद मात्र एकही केलं नव्हतं. यंत्रानं दोनदा विचारलं, नक्की का म्हणून. दोन्ही वेळा तिनं हो म्हटलं.

त्यानंतरचे पाच-सहा आठवडे त्या घरात जे झालं, त्याला सुख म्हणावं का, हे केतकीला पुढं कधीच ठरवता आलं नाही. औषध अंगातून उतरलं तशा उलट्या थांबल्या आणि हेमलताबाईंना भूक लागली. खरी भूक. एका सकाळी त्यांनी हुलग्याचं माडगं मागितलं. निनादनं हुलगे शोधून आणले, केतकीनं आईला विचारत विचारत माडगं केलं. त्या वाटीभर प्यायल्या आणि हुलगे जुने आणले म्हणून जावयावर चिडल्या. तो बिचारा खुशीत ऐकून घेत होता. रेडिओवर जुनं गाणं लागलं तर त्यांचे डोळे भरून यायचे. शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्या इतक्या हरखल्या की तिला बोलावून तिच्या ब्लाऊजचं माप घेतलं. शिवून मात्र झाला नाही.

एका दुपारी केतकी त्यांच्या पायांना तेल लावत होती. पाय सुजायला लागले होते.

"केतके," त्या म्हणाल्या, "मुलगी होती का मुलगा?"

केतकीचे हात थांबले. हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिला त्रास होऊ नये म्हणून सगळ्यांनी तो विषयच झाकून ठेवला होता.

"मुलगी," ती म्हणाली.

हेमलताबाईंनी दोन्ही हातांनी पोट धरलं आणि त्या पुढं वाकल्या. त्यांच्या आतून जो आवाज आला तो रडण्याचा नव्हता, त्याच्याही आधीचा कुठला तरी होता. केतकीनं घाबरून त्यांना धरलं. तिला वाटलं, कळ आली. मग तिला समजलं, आणि आईच्या मांडीत डोकं घालून ती ओक्साबोक्शी रडली. दवाखान्यात रडायची राहिली होती ती. तेलाचे हात तसेच होते. दोघींच्या कपड्यांना तेल लागलं, कुणालाही त्याचं भान नव्हतं.

"तुझ्यासारखीच झाली असती," हेमलताबाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "आडमुठी."

दसऱ्याच्या सुमाराला पोट भरून यायला लागलं. गाठींनी आतड्याची वाट बुजवली होती. आता उलट्या सुरू झाल्या त्या औषधाच्या नव्हत्या, आजाराच्याच होत्या, आणि त्यांना काही सुमार नव्हता. इंजेक्शनं दिली की तासाभराचा आराम मिळे, मग पुन्हा तेच. घोटभर पाणीही राहत नव्हतं. मुजावर घरी येऊन बघून गेले.

"बटण आहे अजून," जिन्यात ते केतकीला म्हणाले. "चालू केलंस तर यातून सुटतील."

केतकीनं आईला विचारलं. हेमलताबाईंनी मान हलवली, नको. दुसऱ्या दिवशी विचारलं, पुन्हा नको. केतकीनं विचारणं सोडलं. ती कपाळाला हात लावून बसायची, तोंड पुसायची, पाठीवरून हात फिरवायची. आईचं अंग प्रत्येक उबळीसरशी ताणलं जायचं. यंत्र शेजारच्या खणात होतं आणि तिकडं बघायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी हेमलताबाईंनीच तिचा हात धरला.

"लाव बाई आता," त्या म्हणाल्या.

केतकीला आधी कळलंच नाही. "काय?"

"बटण. नाही सोसवत." त्यांच्या डोळ्यांत अपराध्यासारखं काहीतरी होतं. "वाटलं होतं, सोसवेल. सासूबाईंनी कसं सोसलं असेल गं."

"लावते. लगेच लावते." केतकीनं खण उघडला, यंत्र काढलं. घाईत ते पटकन सुरू होईना.

"थांब," हेमलताबाई म्हणाल्या. "आधी मला बघू दे."

केतकी पुढं सरकली. हेमलताबाईंनी दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. हात गार होते. त्या बघत राहिल्या, कपाळ, भुवया, हनुवटी, जणू माप घेत होत्या. मधेच कळ आली, तेव्हा त्यांनी डोळे मिटले, पण हात काढले नाहीत. कळ ओसरल्यावर पुन्हा बघायला लागल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते केतकीला ऐकू आलं नाही, विचारायचं धैर्यही तिला झालं नाही.

"झालं," शेवटी त्या म्हणाल्या. "कर."

केतकीनं अंगठा टेकवला.

हळूहळू हेमलताबाईंचं अंग सैलावलं. खांदे खाली आले. कपाळावरच्या आठ्या एकेक करून विरल्या. त्यांनी केतकीच्या चेहऱ्यावरचे हात काढून चादरीवर ठेवले, खोलीभर नजर फिरवली आणि लांब श्वास सोडला.

"बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. मग केतकीकडं वळून, शांतपणे, नीट आवाजात त्यांनी विचारलं, "तुम्ही जेवलात का सगळे?"

केतकीनं तो आवाज ओळखला.

"हो आई," ती म्हणाली. "जेवलो."

त्यानंतर दोन दिवस हेमलताबाई होत्या. उलटी झाली नाही. त्या पाणी प्यायल्या, झोपल्या, कुणी आलं तर दोन शब्द नीट बोलल्या. निनादला "थँक यू" म्हणाल्या, तेव्हा तो उठून बाहेर गेला. केतकी जवळच बसून होती. मधेच त्यांची नजर तिच्यावर यायची, थांबायची आणि पुढं खिडकीकडं जायची. दुसऱ्या दिवशी दुपारी, चहाच्या वेळेला, झोपेतच त्यांचा श्वास थांबला.

दिवसकार्य झाल्यावर फलटणच्या बायका समाचाराला आल्या. हेमलताबाईंनी शिवलेले ब्लाऊज त्यांतल्या बऱ्याच जणींच्या अंगात होते. खोलीत दाटीवाटीनं बसून त्या डोळे पुसत होत्या. त्यांतली एक थोराड बाई केतकीचा हात हातात घेऊन म्हणाली, "माझ्या बहिणीचे फार हाल झाले होते बाई. हेमाला तरी शेवटी त्रास नाही ना झाला?"

केतकीनं त्या बाईच्या बाहीवरच्या, आईच्या बारीक टाक्यांकडं बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "आईला काहीसुद्धा झालं नाही."

"सुटली गं," ती बाई म्हणाली. "पुण्याईच तिची."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. केतकी चहा आणायला म्हणून आत गेली, आणि ओट्याला टेकून, पोटाशी दोन्ही हात घट्ट धरून, बराच वेळ तशीच उभी राहिली.